दाढ काढल्यानंतर हिरडीत पू झाला तर

दाढ काढल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस गाल सुजणे, जखम दुखणे आणि थुंकीला किंचित लालसर रंग येणे, एवढ्यावरून जंतुसंसर्ग झाला असे म्हणता येत नाही. खालची अक्कलदाढ हाड कोरून काढली असेल, तर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते. म्हणून सूज किती आहे यापेक्षा ती चढते आहे की उतरते आहे, हे पाहावे. तिसऱ्या दिवसानंतर ती पुन्हा वाढली, ठणका बळावला, ताप आला, तोंडाला घाण चव येऊन पू दिसू लागला किंवा जबडा उघडेनासा झाला, तर त्याच दिवशी दंतवैद्यांना दाखवावे. जखमेवर येणारा पातळ पांढुरका थर मात्र बहुधा पू नसतो. तो जखम भरत असल्याची खूण असते आणि काडीने खरवडल्यास नुकसानच होते.

ताप नाही, पू नाही, पण दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी असह्य कळ सुरू झाली, तर खळग्यातील रक्ताची गुठळी निघून जाऊन आतले हाड उघडे पडलेले असण्याची शक्यता असते. दंतवैद्य याला ड्राय सॉकेट म्हणतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. येथे प्रतिजैविकांचा फारसा उपयोग नसतो. खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवली की बहुतेकांना लवकर आराम पडतो.

पहिले चोवीस तास जोरात चूळ भरू नये, सारखे थुंकू नये आणि स्ट्रॉने काही पिऊ नये. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक खाण्यानंतर ते पाणी तोंडात हलकेच घोळवावे. उरलेले दात मऊ ब्रशने घासत राहावे, कारण दुखते म्हणून तोंड अस्वच्छ ठेवले तर संसर्गाला वाव मिळतो. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये, तसेच लवंगेचे तेल थेट जखमेवर सोडू नये. त्याने हिरडी भाजते. आपल्याकडे दात दुखला की मिश्री लावण्याची सवय अनेक घरांत आहे, परंतु मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच असल्याने ती उघड्या जखमेवर लावणे घातक आहे.

घरात उरलेल्या पाकिटातील प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेऊन भागवण्याचा मोह सर्वांनाच होतो. पू साचला असेल तर मूळ उपचार तो वाट करून बाहेर काढणे आणि जखम स्वच्छ करणे हाच असतो. गोळ्या त्याला जोड म्हणून, तेही गरज असल्यास, दिल्या जातात. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले असल्यास मद्य पूर्णपणे टाळावे. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहींनी रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण ती वाढलेली असताना जखम लवकर भरत नाही आणि संसर्गामुळे ती आणखी वाढते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषधे घेणाऱ्यांनी आणि हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांनी ही माहिती दंतवैद्यांनी विचारली नाही तरी त्यांना सांगावी.

जबड्याखाली किंवा जिभेखाली घट्ट सूज येऊन जीभ वर उचलली जाणे, लाळही गिळता न येणे, आवाज बदलणे, श्वास घेण्यास त्रास होणे किंवा डोळा मिटेल इतकी सूज चढणे, यांपैकी काहीही झाले तर दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये. अशी सूज काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने वाटेत काही खाऊ-पिऊ नये, आणि दाढ कधी काढली, कोणती औषधे किती वाजता घेतली व शेवटचे कधी खाल्ले, हे सोबतच्या व्यक्तीने कागदावर लिहून न्यावे.