ऑनलाइन हवाई युद्धासाठी पहिलं विमान: स्पिटफायर मार्क ९ का घ्यावं

दुसऱ्या महायुद्धाच्या सिम्युलेटरमध्ये नवखे खेळाडू सर्वांत वेगवान विमान निवडतात आणि तिथेच फसतात. वेगवान विमानाला उंची, वेग आणि संयम लागतो. हे तिन्ही सुरुवातीला नसतात.

पहिल्यांदा स्पिटफायर मार्क ९ हे ब्रिटिश लढाऊ विमान घ्या (मार्क म्हणजे आवृत्ती). ते छोट्या वर्तुळात वळतं, चांगलं चढतं आणि स्टॉल होण्याआधी, म्हणजे पंखांची उचल तुटण्याआधी, थरथरून इशारा देतं. थरथर जाणवली की स्टिक (विमान वळवायची दांडी) लगेच थोडी सैल सोडा. ओढत राहिलात तर वेग संपतो आणि विमान स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगरत खाली पडतं. मार्क १ आणि २ मात्र टाळा. त्यांच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) असतो. नाक झपकन खाली दाबलं की इंधनपुरवठा बिघडून इंजिन गचके खातं. मर्लिन ६६ इंजिन बसवलेल्या मार्क ९ मध्ये ही अडचण नाही.

टेकऑफला थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) एकदम पूर्ण देऊ नका, नाक डावीकडे ओढलं जातं. हळूहळू वाढवा आणि उजवं रडर (शेपटीचं सुकाणू) देत राहा.

तोफा पंखांत आहेत, म्हणून गोळ्या एकत्र येण्याचं अंतर २५० मीटरच्या आसपास ठेवा आणि तितकं जवळ गेल्याशिवाय ट्रिगर दाबू नका. २० मिमीच्या प्रत्येक तोफेला १२०च गोळ्या मिळतात, त्यामुळे छोटे बर्स्ट मारा, एका वेळी थोड्याच गोळ्या. नेम अजिबात जमत नसेल तर पी-३८ हे दोन इंजिनांचं अमेरिकन लढाऊ विमान पाहा: सगळी शस्त्रं नाकात, आणि दोन्ही इंजिनांचे पंखे एकमेकांच्या उलट दिशेने फिरत असल्याने टेकऑफलाही विमान सरळ धावतं. पण आकार मोठा, शत्रूला लांबून दिसतं.