सुवासिक गुलाबाचं झुडूप: या चुका टाळा

फुलबाजारातला लांब दांड्याचा गुलाब आणि परसातला गावठी गुलाब एकाच पद्धतीने वाढवायला गेलं की घोटाळा होतो. गावठी, म्हणजे नर्सरीतला ‘एडवर्ड’, याचं मूळ हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाकडे जातं. आपल्या हवेत तो छान रमतो, गुलकंदालाही तोच. असं झुडूप वास आणि फूल दोन्ही देईनासं झालं, तर बहुतेक वेळा काहीतरी आपल्याच हातून चुकलेलं असतं.

खुंटाची फूट जोपासणं

गेल्या होळीच्या सुमारास शेजारच्या काकूंनी हाक मारली. “बघ गं, लाल गुलाब होता, आता नुसता काट्यांचा झाप झालाय. फुलं तरी कसली, एवढी एवढीशी पांढरी, झुपक्यानं!” खुरपीनं बुंध्याजवळची माती सारली. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या जागची गाठ दिसली आणि तिच्या खालून दोन जाडजूड, सरळसोट फांद्या निघालेल्या. खरा लाल गुलाब मागे दोन काड्यांवर कसाबसा तग धरून होता.

कलमी गुलाबात खालचा खुंट रानगुलाबाचा असतो आणि त्याला संधी मिळाली की तो वरच्याला उपाशी ठेवतो. “सात पानं ती जंगली फूट” असं सगळे सांगतात, पण झुडूप गुलाबांत त्यावर विसंबू नका, कारण त्यांतल्या बऱ्याच जातींनाही एका देठावर सात पर्णिका, म्हणजे छोटी पानं, येतात. फूट गाठीच्या वरून निघाली की खालून, एवढंच बघा. खालची असेल तर जमिनीलगत कापू नका, तिथूनच आणखी चार फुटतात. मुळापर्यंत उकरा आणि खाली ओढून बुडापासून काढा. झाड फांदी लावून, स्वतःच्या मुळांवर वाढवलेलं असेल, तर मात्र जमिनीतून येणारी फूट त्याचीच असते, ती राहू द्या.

भर पावसात आणि खोल छाटणी

पावसात केलेल्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत जाते. दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पाऊस गेल्यावर छाटा. शोभेच्या गुलाबासारखं गुडघ्याखाली आणायचं नाही. उंचीचा तिसरा भाग कमी करा, वाळकी आणि एकमेकींना घासणारी फांदी काढा, काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या उंचवट्याच्या) वर तिरपा घ्या आणि जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद नि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. साधारण 40 ते 50 दिवसांत फुलं येतात. नवी पालवी तांबूस दिसली तर घाबरून फवारणी करू नका, तो रोग नाही.

पिवळं पान दिसलं की युरिया

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसतं. ती नत्राची नव्हे, लोहाची कमतरता. तिथे चिलेटेड लोहाची (झाडाला सहज शोषता येणाऱ्या रूपातल्या लोहाची) फवारणी आणि भरपूर शेणखत उपयोगी पडतं. युरियानं पानं माजतात, फुलं यायला उशीर होतो आणि लुसलुशीत शेंड्यांवर मावा नि भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) येते. पाणी साचत असेल तर आधी निचरा सुधारा. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर कुठलंही खत कामाचं नाही.

कळी उघडत नाही म्हणून पाणी वाढवणं

कळीच्या कडा करपल्यात आणि ती अर्धवटच उघडते? पांढऱ्या कागदावर कळी झटका. कणीहूनही बारीक, पिवळट रेघा पळताना दिसल्या तर ते फुलकिडे. बाधित कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाका. संध्याकाळी लिटरमागे 5 मिली निंबोळी तेल, थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून फवारा, आठवड्यानं पुन्हा. पाकळ्यांचा गुलकंद करणार असाल तर रासायनिक कीटकनाशकाला हातच लावू नका. बाजारातल्या हाराच्या फुलांचा गुलकंदही याच कारणानं मला कधीच पटला नाही.

कोकणात दमास्क मागवणं

अत्तराचा दमास्क गुलाब मुख्यतः वसंतात, वर्षातून एकदाच फुलतो आणि त्याआधी त्याला खरी थंडी लागते. ती नसलेल्या कोकणात झुडूप होतं, बहर येत नाही. गावठी लावा.

आणि वासाचं म्हणाल, तर दुपारी फूल हुंगून “याला वासच नाही” म्हणू नका. उन्हात सुगंधी तेल उडून जातं. फूल सूर्य चढायच्या आत, अर्धवट उमललेलं असतानाच तोडा.