घर आवरायचं सुचतच नसेल तर आधी नुसती वाट मोकळी करा

घरात पाय ठेवला की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, मग चप्पल काढून तसंच पलंगाच्या कडेला टेकायचं, फोन बघत बसायचं आणि तासाभराने पसारा भिंतीकडे सरकवून झोपायचं, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. कोणी आळशी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. डोक्यात आधीच दहा काळज्या असल्या की समोरची प्रत्येक वस्तू उचलायची कुठे ठेवायची टाकायची की नाही हे ठरवायचं त्राणच उरत नाही, हातपाय गळतात.

मागच्या पावसाळ्यात सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भांडुपला आमची एक खोली आणि किचन. तीन आठवडे मी नि नवरा आलटून पालटून हॉस्पिटलमध्ये, लेक शेजारच्या काकूंकडे जेवायची, कामाच्या मावशी नेमक्या गावाला गेलेल्या, घरी यायचं ते फक्त आंघोळ करून कपडे बदलायला. ओले कपडे खुर्चीवर, त्यावर अजून कपडे, सिंकमध्ये टोप, पलंगावर रिपोर्टच्या पिशव्या, दाराशी पार्सलचे खोके. आणि मंगळवारी सांगितलं की शनिवारी डिस्चार्ज. फिजिओवाल्या ताईंनी विचारलं, "घरी वॉकर फिरेल ना? दारापासून पलंग आणि पलंगापासून बाथरूम, अडीच फूट तरी वाट लागेल, आणि मध्ये पायपुसणं, वायर काही नको हां." मी हो म्हटलं आणि ट्रेनमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

त्या रात्री मी जे केलं ते करू नका. कपाट उघडलं आणि सगळं बाहेर काढलं. व्हिडिओत असंच दाखवतात ना, सगळं काढा, ढीग लावा, मग ठरवा. मोठ्या घरात जमत असेल. आपल्याकडे ढीग घालायला जागा म्हणजे पलंग, रात्री बारा वाजता झोपायचं म्हटलं तर पलंगावर अख्खं कपाट, मग ते सगळं कोंबून परत आत. कपाट, दिवाण, माळा ह्यांना पहिले पंधरा दिवस हातच लावायचा नाही. ते बंद आहे ना, बंद राहू दे. त्रास बाहेरच्या पसाऱ्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी लेकीने एक केलं आणि मला उमगलं. सहावीत आहे ती. वॉकर अजून घरी आला नव्हता, तर आमचा लांबडा पाट घेतला, दोन्ही हातांनी पोटासमोर आडवा धरला आणि दारापासून चालायला लागली. पाट जिथे अडला तिथे थांबून म्हणाली, आई, हे उचल. पहिला खोका, मग छत्र्यांची बादली, मग खुर्ची, मग चार्जरची लोंबणारी वायर. घर आवरायचं नव्हतंच आम्हाला, वाट करायची होती. पाऊण तासात दार ते पलंग वाट झाली आणि मला तीन आठवड्यांनी पहिल्यांदा खोलीतली लादी दिसली.

म्हणून सांगते, घरी कोणी आजारी असो नसो, आधी वाट ठरवा. दार ते पलंग, पलंग ते बाथरूम, बाथरूम ते ओटा. वाटेत येईल तेवढंच उचलायचं, बाजूला कितीही पसारा असला तरी त्याच्याकडे आज बघायचं नाही. खरंच पाट धरून चालून बघा, डोळ्याला सवय झालेली असते त्यामुळे जे दिसत नाही ते पाटाला अडतं.

वेळ लावायचा असेल तर घड्याळापेक्षा कुकर बरा. डाळ-भात लावा, गॅसवर ठेवा आणि कामाला लागा. तीन शिट्ट्या, मग गॅस बंद, मग वाफ जाईपर्यंत, मिळून अर्धा तास होतो. झाकण निघालं की काम थांबवायचं आणि जेवायचं, अर्धं राहिलं असलं तरी. हे थांबणं महत्त्वाचं आहे बरं का, नाहीतर उत्साहात रात्री दोनपर्यंत करता आणि पुढचे चार दिवस घराकडे बघवत नाही. शिवाय रिकाम्या पोटी पसारा दुप्पट वाटतो.

पहिल्या कुकरला फक्त कचरा. काही ठरवायचं नाही, जे बघताक्षणी कचरा आहे तेच, जास्त विचार करायला लागला तर ती वस्तू सोडून पुढे. ओला आधी, कारण वास आणि चिलटं त्याचीच. मग सुका, म्हणजे रॅपर, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या धुवून. हिरव्या डब्यात ओला निळ्यात सुका हे माहितीच आहे, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या, उचलणाऱ्या माणसाचे हात असतात तिथे. पार्सलचे खोके तर 'लागतील कधीतरी' म्हणून अजिबात ठेवू नका, पुठ्ठ्याच्या खाचांत झुरळं अंडी घालतात आणि पावसात पुठ्ठा ओल धरून ठेवतो. आणि पिशवी भरली की रात्रीच दाराबाहेर किंवा खाली, तुमच्या सोसायटीत जशी पद्धत असेल तशी. दाराशी आत ठेवली की ती आठवडाभर तिथेच राहते, आमच्याकडे राहिलेली.

दुसऱ्या कुकरला सिंक. इथे पाण्याची वेळ बघून घ्या, आमच्याकडे पहाटे येतं ते सातला जातं, टाकीचं पाणी दुपारी बारीक होतं, म्हणून भांडी मी सकाळीच काढायची ठरवली. ढिगाला एकदम भिडू नका. आधी सगळी भांडी सिंकमधून बाहेर ओट्यावर काढा, सिंक रिकामं करून घासा, मग ग्लास-वाट्या, मग ताटं, शेवटी टोप आणि कढया. करपलेल्या टोपात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून उकळवा आणि तसाच ठेवून द्या, तासाभराने घासणीने निघतं, उगाच खरवडत बसू नका. खरवडायला घेतलं आणि त्यातच दम गेला की बाकीची भांडी राहतात. दोन दिवस एकच कुकर, एकच कढई आणि माणशी एक ताट एवढंच वापरात ठेवा, बाकी धुवून वर. मावशी नसतील तेव्हा तर नक्कीच.

आता कपडे, आणि इथे जरा थांबून सांगते कारण मुंबईत घर तुंबतं ते कपड्यांनीच. धुवायचे आणि धुतलेले एवढे दोनच ढीग आपण धरतो पण खुर्चीवर साठतात ते तिसरेच, एकदा घातलेले, अजून एकदा चालतील असे. त्यांना कपाटात जागा नाही, बादलीतही नाही. त्यांच्यासाठी दारामागे पाच खुंट्या ठोका, माणशी एक किंवा दोन, खुंटी भरली की सगळ्यात खालचा कपडा धुवायला. आमची खुर्ची ह्या पाच खुंट्यांनी मोकळी झाली, दुसरं काही केलं नाही. पावसाळ्यात एकदम तीन बादल्या भिजवू नका, दोरीवर मावतील तेवढेच रोज धुवा, पंख्याखाली दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून घाला, नाहीतर कुबट वास मारतो आणि परत धुवावे लागतात, म्हणजे कामात काम. शिवणी आणि कंबरपट्टी हाताला गार लागली तर कपडा ओला आहे असं समजा, घडी घालून कपाटात नको, बुरशी शेजारच्या कपड्यांना पण लागते. कपाट भिंतीला चिकटवलेलं असेल तर दोन इंच पुढे ओढा, मागे हवा खेळते.

घड्या घालायचा कंटाळा असेल तर घालू नका. खरं सांगते. माणशी एक टब, त्यात आतले कपडे, मोजे, घरातले टीशर्ट नुसते टाकायचे. इस्त्रीचे तेवढे हँगरला. युनिफॉर्म वेगळा, दाराजवळ.

कागदांचं तर मी एवढंच केलं की एक मोठी कापडी पिशवी घेतली आणि घरभरचे कागद न वाचता त्यात टाकले. लाईट बिल, रिपोर्ट, शाळेच्या नोटीस, सगळं. वाचायला बसलं की अर्धा दिवस जातो आणि पैशाचं टेन्शन वेगळं येतं. फक्त डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि मेडिक्लेमला लागणारी ओरिजिनल बिलं तेवढी बाजूला, त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून. रेशनकार्ड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पॉलिसी अशा गोष्टी हाताला लागल्या तर एका फायलीत. बाकी पिशवी नंतर, रविवारी, चहा घेत.

बाथरूम मोरी ह्याबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगायच्यात. एक, टॉयलेट धुवायचं अ‍ॅसिडवालं लिक्विड आणि ब्लीच कधीच एकत्र किंवा एकामागोमाग टाकू नका, लवकर निघेल म्हणून लोक करतात, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि आपल्या खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो. एक दिवस एक, भरपूर पाणी, दार उघडं. दुसरं पाण्याचं पिंप. डेंग्यूचा डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून घर कितीही अस्ताव्यस्त असलं तरी आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकली तरी बरेच महिने टिकतात. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे पण बघा. मोरीतली शेवाळलेली लादी मात्र त्याच दिवशी घासा, सासूबाई तिथेच पडल्या होत्या.

आता जे काढून टाकायचंय ते खरोखर घराबाहेर जायला हवं. पेपर, पुठ्ठा रद्दीवाल्याला, मोडका पंखा, बादल्या भंगारवाल्याला, साड्या आणि पँट बोहारणीला, दुपारी गल्लीत आवाज येतो तेव्हा वरून हाक मारा. भाव पाच रुपये कमी मिळाला म्हणून अडून बसू नका, आत्ता आपल्याला जागा हवीये. दोन दिवसांत गेलं नाही तर वॉचमनकाकांना विचारा, कोणाला ना कोणाला हवं असतंच, पण फाटकं-मळकं देऊ नका. पिशवी बांधल्यावर परत उघडून बघायची नाही, उघडली की अर्ध्या वस्तू परत कपाटात जातात.

घरच्यांना नुसतं 'जरा मदत करा' म्हटलं तर कोणी हलत नाही कारण त्यांनाही कळत नसतं काय करायचं. नाव घेऊन, वस्तू दाखवून सांगा. "अहो, ही पिशवी खाली जाताना न्या." "बाळा, सगळ्या चपला रॅकमध्ये." नवऱ्याने माझ्याकडे नंतर कबूल केलं की मी कुठे काय ठेवते हे माहिती नसल्यामुळे तो हातच लावत नव्हता. आणि काकूंना मी शेवटी बोलावलं. लाज वाटत होती. त्यांनी आत येऊन इकडे तिकडे बघितलं पण नाही, पलंगावर बसून लसूण सोलत राहिल्या आणि मी काम करत राहिले, त्यांच्या गप्पांत दोन तास कसे गेले कळलं नाही. तुमच्या जवळचं असं एखादं माणूस असेल तर बोलवा, त्यांनी काम करायची गरज नाही, नुसतं बसायला सांगा.

आणि हे सगळं वाचूनही उठवत नसेल, आठवडेच्या आठवडे झोप, जेवण, आंघोळ सगळंच बिघडलं असेल, तर तो प्रश्न पसाऱ्याचा नाहीये. टेलीमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी हेल्पलाईन आहे, तिचा नंबर १४४१६, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतून बोलता येतं. पसारा राहू दे आणि आधी तिथे बोला.

शनिवारी सासूबाई आल्या तेव्हा खिडकीशी कपड्यांचे दोन टब तसेच होते, ओट्याखाली कागदांची पिशवी होती. दारात वॉकर टेकवून क्षणभर थांबल्या, खाली बघितलं, आणि हळूहळू पलंगापर्यंत चालत आल्या. कुठे अडल्या नाहीत. रोज रात्री झोपायच्या आधी लेक अजून तो पाट घेऊन एक फेरी मारते, दप्तर आडवं असलं तर स्वतःच उचलते. माळा दसऱ्याला उघडू.