ऑर्डरप्रमाणे मशीन बनवता? मग उत्पन्न कधी आणि किती लिहायचं, ते असं ठरवा

एका ३१ मार्चच्या संध्याकाळी भोसरीतल्या एका शेडमध्ये मी स्टॉक मोजायला गेलो होतो. मधोमध एक एसपीएम उभं होतं, म्हणजे एकाच ग्राहकाच्या एकाच कामासाठी बनवलेलं स्पेशल पर्पज मशीन. वायरिंग अर्धवट, गार्ड अजून बसायचे होते. बिल मात्र त्याच दुपारी फाडलेलं. "पीओ (ग्राहकाची खरेदीची ऑर्डर) हातात आहे, ॲडव्हान्स आलाय, मशीन पंधरा दिवसांत जाणारच आहे. मग विक्री याच वर्षाची ना?" मालकांनी अगदी मनापासून विचारलं.

नाही. ती विक्री त्या वर्षाची नव्हती. तशी लिहिली असती तर त्या वर्षीचा नफा फुगला असता, त्यावर आयकर भरावा लागला असता आणि पुढच्या वर्षी त्याच मशीनचा उरलेला खर्च विक्रीशिवाय अंगावर आला असता. सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा, वाढवून मागायला गेल्यावर बँकेने पहिला प्रश्न तोच विचारला असता: मागच्या वर्षी एवढा नफा आणि यंदा तोटा, असं कसं?

तयार माल विकणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण माल दिला की विक्री झाली. ऑर्डरप्रमाणे बनवणाऱ्याचं काम मात्र सहा-आठ महिने चालतं. पैसे तुकड्या-तुकड्यांत येतात, मशीन तुमच्या शेडमधून निघून ग्राहकाच्या शेडमध्ये बसेपर्यंत आणखी महिना जातो. यातल्या कोणत्या दिवशी उत्पन्न झालं म्हणायचं, ते पायरीपायरीने बघू.

आधी तुम्हाला कोणता नियम लागू आहे ते बघा

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्या इंड एएस ११५ हे उत्पन्नाच्या नोंदीचं लेखामानक (हिशोबाचा ठरलेला नियम) वापरतात. ते १ एप्रिल २०१८ पासून लागू झालं. बाकीच्यांना त्याच विषयाचं १९८५ सालचं जुनं लेखामानक, एएस ९ आहे. मोठ्या, गुंतागुंतीच्या प्लांटचं काम असेल तर त्यांनी एएस ७, म्हणजे बांधकाम करारांचं लेखामानक, सुद्धा बघायला हवं. भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव इथले बहुतेक छोटे कारखाने एएस ९ मध्येच येतात. तरीही इंड एएस ११५ ची विचार करायची रीत समजून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. ती पीओ नीट वाचायला शिकवते, आणि मोठा ग्राहक त्याच चष्म्यातून तुमच्याकडे बघत असतो.

पायरी १: पीओ शेवटच्या पानापर्यंत वाचा

आपल्याकडे पीओचं पहिलं पान वाचलं जातं: किंमत, डिलिव्हरीची तारीख, पेमेंट टर्म्स. मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटींकडे कोणी बघत नाही, आणि उत्पन्नाचा निकाल तिथेच लागलेला असतो. चार गोष्टी शोधा. मशीन स्वीकारलं असं कधी मानायचं: डिस्पॅचआधीच्या तपासणीनंतर की ग्राहकाच्या जागेवर ट्रायल झाल्यावर? उशिराचा दंड किती? रिटेन्शन, म्हणजे ग्राहक शेवटपर्यंत राखून ठेवणार ती रक्कम, किती आणि कशासाठी? चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची: ग्राहकाने मध्येच ऑर्डर रद्द केली तर तुम्हाला काय मिळणार?

पायरी २: एका ऑर्डरीत किती कामं लपली आहेत ते मोजा

"मशीन, बसवून देणे, ऑपरेटरला शिकवणे आणि दोन वर्षांचं एएमसी (देखभालीचा करार), सगळं मिळून ९० लाख." अशी ऑर्डर सर्रास येते. मशीन तुमच्याच माणसांनी बसवून, जुळवून दिल्याशिवाय चालणार नसेल, तर मशीन आणि बसवणं हे एकच काम धरा. एएमसी मात्र वेगळं. ते दुसरा कोणीही देऊ शकतो आणि ते वेगळं विकलंही जातं.

मग किंमत वाटायची. समजा मशीन एकटं विकलं असतं तर ९५ लाख आणि एएमसी एकटं ५ लाख. एकत्र दिलं ९० लाखांना. सूट दोन्हींवर सारख्या प्रमाणात बसते, म्हणून मशीनच्या वाट्याला ८५.५ लाख आणि एएमसीच्या वाट्याला ४.५ लाख. ते साडेचार लाख मशीन गेल्याच्या दिवशी विक्रीत घ्यायचे नाहीत. २४ महिन्यांत दर महिन्याला १८,७५० रुपये, असे घ्यायचे.

नेहमीची बारा महिन्यांची वॉरंटी मात्र वेगळं काम होत नाही. तिच्यासाठी अंदाजे खर्चाची तरतूद करायची. ग्राहकाने जादा पैसे देऊन वाढवून घेतलेली वॉरंटी एएमसीसारखीच काळावर पसरायची.

पायरी ३: खरी किंमत किती?

पीओवरचा आकडा शेवटचा नसतो. उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के, अशा दंडाची अट नेहमी दिसते. ८० लाखांच्या मशीनला तीन आठवडे उशीर म्हणजे १ लाख २० हजार गेले. उशीर होणार हे मार्चमध्येच दिसत असेल, तर तेवढी रक्कम उत्पन्नातून तेव्हाच कमी करा. ग्राहक पैसे कापेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. जीएसटी तुमचं उत्पन्न नाही, तो किमतीत धरायचाच नाही.

पायरी ४: काम चालू असताना उत्पन्न की शेवटी एकदम?

इथे थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

इंड एएस ११५ प्रमाणे काम चालू असतानाच उत्पन्न लिहिता येतं, पण त्यासाठी तीनपैकी एक अट पुरी व्हावी लागते. ग्राहकाला सेवेचा फायदा काम होत असतानाच मिळत असेल, जसं एएमसी. किंवा तुम्ही ग्राहकाच्या ताब्यातल्या वस्तूवर काम करत असाल, जसं त्याच्या जागेवर त्याचीच जुनी लाइन सुधारून देणं. किंवा तिसरी अट, जी एसपीएमवाल्यांना लागू पडू शकते: मशीन दुसऱ्या कोणाला विकता येण्यासारखं नाही, आणि शिवाय ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर तोवर झालेल्या कामाचा खर्च अधिक वाजवी नफा मागण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे.

तिसऱ्या अटीचा पहिला भाग बहुतेक एसपीएमना लागू होतो. दुसऱ्या भागावर गाडी अडते. "रद्द केल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही" एवढंच पीओमध्ये असेल तर ते पुरत नाही. तीस टक्के ॲडव्हान्स घेतलाय आणि काम सत्तर टक्के झालंय, अशा वेळी उरलेल्या चाळीस टक्क्यांवर तुमचा हक्क कुठे लिहिलाय? नसेल, तर मशीनचा ताबा ग्राहकाकडे जाईपर्यंत उत्पन्न शून्य.

एएस ९ वापरणाऱ्यांसाठी नियम सरळ आहे. मालकीतली जोखीम आणि फायदा ग्राहकाकडे गेला आणि पैसे मिळण्याबद्दल मोठी शंका नसेल, तेव्हा विक्री. डिलिव्हरी झाली पण बसवणी आणि तपासणी बाकी असेल, तर ग्राहकाने स्वीकारेपर्यंत साधारणपणे थांबायचं. बसवणं अगदी साधं असेल, तर डिलिव्हरीलाच विक्री घेता येते. मशीनच्या कामात टक्केवारीची पद्धत, म्हणजे जितकं काम झालं तितकं उत्पन्न, ही एएस ७ मध्ये बसणाऱ्या करारांपुरती.

पायरी ५: आकडे मांडा

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एका ग्राहकासाठी ८० लाखांचं एसपीएम. एकूण खर्चाचा अंदाज ६० लाख. डिसेंबरमध्ये तीस टक्के, म्हणजे २४ लाख ॲडव्हान्स आला. ३१ मार्चपर्यंत जॉब कार्डावर, म्हणजे त्या कामाच्या खर्चाच्या नोंदीत, ३८ लाख चढलेत. त्यात ६ लाखांचा कंट्रोलर अजून खोक्यातच आहे. शिवाय २ लाख चुकीच्या ड्रॉइंगवर प्लेट कापल्यामुळे वाया गेलेत.

कामाची प्रगती मोजताना हे दोन्ही बाजूला काढायचे. खोक्यातला कंट्रोलर अजून तुमचा स्टॉक आहे. वाया गेलेल्या प्लेटने मशीन एक इंचही पुढे सरकलं नाही. उरले ३० लाख. साठापैकी तीस, म्हणजे काम पन्नास टक्के.

इंड एएस ११५ लागू असेल आणि रद्द झाल्यास पैसे मागण्याचा हक्क असेल, तर उत्पन्न ४० लाख, त्यासमोर खर्च ३० लाख आणि वाया गेलेले २ लाख. नफा ८ लाख. ॲडव्हान्स २४ लाखच आलाय, म्हणून उरलेले १६ लाख ताळेबंदात करारातून येणं म्हणून दिसतील. त्यांचं बिल झालेलं नाही, म्हणून ते ग्राहकाच्या नेहमीच्या उधारीत मिसळू नका.

हक्क नसेल, किंवा तुम्ही एएस ९ मध्ये येत असाल, तर उत्पन्न शून्य. ३० लाख अर्धवट काम म्हणून स्टॉकमध्ये, ६ लाखांचा कंट्रोलर खरेदी मालात आणि २४ लाखांचा ॲडव्हान्स देणं म्हणून. वाया गेलेले २ लाख मात्र याही वेळी खर्चातच जातील, ते स्टॉकच्या किमतीत चढवू नका.

शेड एकच, मशीन एकच, इंड एएस ११५ मध्ये फरक फक्त पीओतल्या एका वाक्याचा.

आणि अंदाज बदलला तर? मार्चमध्ये दिसलं की एकूण खर्च ६० नाही, ८५ लाख होणार. म्हणजे ८० लाखांच्या ऑर्डरीत ५ लाख तोटा. तो सगळा आजच पुस्तकात घ्यायचा, काम अर्धंच झालं असलं तरी. आयकराचा हिशोब इथे वेगळा पडू शकतो: टक्केवारीवर चालणाऱ्या कामात तिथे तोटा झालेल्या कामाच्या प्रमाणातच वजा मिळतो. म्हणून सीएला दोन्ही आकडे वेगळे काढून द्या.

डाय, मोल्ड आणि पॅटर्न

वाहनांचे सुटे भाग बनवणारे आणि कोल्हापूरचे फौंड्रीवाले इथे नेहमी अडकतात. समजा डायचा, म्हणजे नगाला आकार देणाऱ्या साच्याचा, खर्च १२ लाख. ग्राहक म्हणतो, एकरकमी देणार नाही, एक लाख नग घेईन, दर नगात १२ रुपये धरा. मग डाय तुमची स्थिर मालमत्ता, तिच्यावर घसारा, आणि ते १२ रुपये नगाच्या विक्रीचाच भाग. चाळीस हजार नगांनंतर ते मॉडेल बंद झालं तर ७ लाख २० हजार अडकतात. म्हणून "नग कमी घेतल्यास उरलेली डायची रक्कम ग्राहक देईल" हे कोटेशनमध्येच लिहा.

ग्राहकाने डाय एकरकमी विकत घेतली, मालकी त्याची झाली आणि सॅम्पल पास झालं, तर डायची विक्री तेव्हा झाली, डाय तुमच्याच प्रेसवर राहिली तरी. ८ जून २०१८ च्या जीएसटी परिपत्रकानुसार ग्राहकाने फुकट दिलेल्या त्याच्या मालकीच्या डायची किंमत नगाच्या मूल्यात मिळवायची नाही. पण करारानुसार डाय तुमची असायला हवी होती आणि ग्राहकाने ती पुरवली, तर मिळवावी लागते.

लेबर जॉबमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या मालावर फक्त मजुरीचं काम करताना, त्याचं स्टील तुमच्याकडे आलं तर तुमचं उत्पन्न फक्त मजुरी. ते स्टील तुमच्या स्टॉकमध्ये दाखवू नका. त्याचं रजिस्टर वेगळं ठेवा.

जीएसटीची तारीख आणि उत्पन्नाची तारीख वेगळी असते

१५ नोव्हेंबर २०१७ पासून मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही, बिल झाल्यावर भरायचा. जॉबवर्क, म्हणजे वरचा लेबर जॉब, सेवेत मोडतं, म्हणून त्याच्या ॲडव्हान्सवर जीएसटी लगेच लागतो. म्हणजे एखाद्या महिन्यात जीएसटी रिटर्नमध्ये रक्कम दिसेल आणि विक्रीत दिसणार नाही, किंवा उलट. यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्हींचा मेळ घालणारा एक तक्ता दर तिमाहीला करून ठेवा, वर्षअखेरीला हातात तयार मिळतो.

एक प्रसंग मार्चमध्ये हमखास येतो. ग्राहक म्हणतो, "आमची शेड तयार नाही. बिल करा, मशीन तुमच्याकडेच ठेवा." विनंती ग्राहकाची असेल आणि लेखी असेल, मशीन पूर्ण तयार आणि पास झालेलं असेल, त्यावर त्या ग्राहकाचं नाव लावून ते बाजूला ठेवलेलं असेल आणि तुम्ही ते दुसऱ्या कोणाला देऊ शकत नसाल, तर विक्री धरता येते. यातली एक जरी गोष्ट नसेल तर थांबा. भोसरीच्या त्या मालकांचं मशीन पूर्णही नव्हतं आणि ग्राहकाची विनंतीही नव्हती. आम्ही विक्रीची ती नोंद उलटवली, मशीन अर्धवट कामात दाखवलं आणि तसाच ताळेबंद बँकेला दिला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात करायचं काम

एक कागद घ्या किंवा एक्सेलची एक शीट. चालू असलेल्या प्रत्येक जॉबला एक ओळ: जॉब नंबर, पीओची किंमत, एकूण खर्चाचा ताजा अंदाज, आजवरचा खर्च, त्यातला न बसवलेला आणि वाया गेलेला माल, आलेले पैसे, झालेली बिलं, रद्द झाल्यास हक्क आहे की नाही. खर्चाचा अंदाज अकाउंटंटने लिहू नये. तो शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरला विचारून लिहा, कारण किती वायरिंग बाकी आहे आणि कुठलं बेअरिंग पुन्हा मागवावं लागणार आहे ते त्यालाच माहीत असतं.

आणि पुढच्या कोटेशनच्या अटींमध्ये, पेमेंट टर्म्सच्या लगेच खाली, हे एक वाक्य घाला. हिशोबासाठी नाही, तुमच्या घामाच्या पैशांसाठी: "ग्राहकाने कोणत्याही टप्प्यावर ऑर्डर रद्द केल्यास, त्या दिवसापर्यंत झालेल्या कामाचा पूर्ण खर्च आणि त्यावरील वाजवी नफा ग्राहक पुरवठादारास देईल."