एडीएचडी आहे आणि फेडिव्हर्सवर वावरताय? या चुका टाळा

२०२३ च्या चवथीची आदली रात्र. बाहेरच्या खोलीत माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळांची चौकट) बांधायचं चाललं होतं. सुपारीचे घोस, नारळ, तोरंजनं चौकटीला लटकवायची होती आणि दोरीचं दुसरं टोक धरायला मला हाका मारून आईचा घसा बसला. मी आतल्या खोलीत, मॅस्टोडॉनवरचं खातं कुठल्या सर्व्हरवर उघडावं याचा अभ्यास करत. पहाटे तीनपर्यंत तीस-पस्तीस सर्व्हरांचे नियम वाचून झाले, पण खातं काही उघडलं नव्हतं. माटोळी शेजारच्या काकांनी बांधली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फेडिव्हर्स म्हणजे हजारो निरनिराळ्या माणसांनी चालवलेले सर्व्हर, जे ॲक्टिव्हिटीपब नावाच्या सामाईक नियमांनुसार एकमेकांशी बोलतात. त्यातलं मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये आलं, ॲक्टिव्हिटीपबला २०१८ मध्ये वेबच्या प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली. मालक कंपनी नाही, जाहिराती नाहीत, आणि मॅस्टोडॉनवर तरी पोस्टी आल्या त्या क्रमानं दिसतात. मला वाटलं, अल्गोरिदम गेला, आता लक्ष ताळ्यावर येईल. झालं भलतंच. काय बघायचं, कधी थांबायचं, किल्ल्या कुठे ठेवायच्या, पैसे कधी भरायचे, ही सगळी कामं कंपनीकडून माझ्याकडे आली. आणि मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं, वेळेचं भान ठेवणं, स्वतःला आवरणं अवघड जातं. माझ्या डोक्याला नेमकी हीच कामं जड जातात.

सर्व्हर निवडण्यात रात्र घालवणं

निवड कायमची नसते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! मॅस्टोडॉनवर खातं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येतं. तुम्हाला फॉलो करणारे सोबत येतात, तुम्ही ज्यांना फॉलो करता ती यादी फाइल करून नेता येते. जुन्या पोस्टी मात्र जुन्या घरीच राहतात, आणि एकदा हललात की ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. म्हणून घड्याळ लावून वीस मिनिटं द्या. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव लागायला सर्व्हरला काही हमी द्याव्या लागतात: रोजचा बॅकअप, चालकाखेरीज आणखी एकाच्या हाती चाव्या, आणि बंद करायचा झाला तर किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना. यादीतला, नियम पटणारा पहिला सर्व्हर घ्या आणि उठा.

एक मेख आहे. फॉलोअर हलवायला जुना सर्व्हर चालू असावा लागतो. ‘बंद होतोय’ अशी सूचना आली की ती ‘नंतर बघू’मध्ये टाकू नका. आपलं ‘नंतर’ म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे.

वेळ कळत नाही, आणि मोबाइलचा अलार्म बोटानं उडवता येतो

पोस्टींना शेवट नसतो. क्रमानं आल्या म्हणून संपतात असं नाही. मॅस्टोडॉनच्या सेटिंगमध्ये ‘स्लो मोड’ आहे. तो लावला की नव्या पोस्टी आपोआप घरंगळत येत नाहीत, तुम्ही टिचकी मारली तरच येतात. ही एवढी एक टिचकीसुद्धा मला अनेकदा भानावर आणते. सगळ्या जगाच्या पोस्टी दाखवणारी जाहीर टाइमलाइन मी उघडतच नाही. पंधरा माणसांची एक यादी केली आहे, तीच वाचते.

थांबण्यासाठी मात्र यंत्र कामाचं नाही. अलार्म मी झोपेतही बंद करते. आमच्याकडे गोव्यात संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, त्याचा भोंगा वाजला की लॅपटॉप मिटायचा, पिशवी घेऊन दारात जायचं. पोदेराला ‘आणखी दहा मिनिटं’ म्हणता येत नाही. उंडे (गोल पाव) संपतात.

बोटं डोक्याच्या पुढे धावणं

मॅस्टोडॉनवर खाजगी उल्लेख नावाची सोय आहे, आणि बहुतेकांना ती व्हॉट्सॲपच्या मेसेजसारखी वाटते. तशी ती नाही. एक तर ती एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते, म्हणजे सर्व्हरचालकाला तांत्रिकदृष्ट्या वाचता येते. दुसरं म्हणजे त्यात तुम्ही ज्याचं नाव ॲट-चिन्हासह लिहाल, तो त्या संभाषणात दाखल होतो. मी एका मैत्रिणीला तावातावानं लिहिलं, ‘या अमक्याला रोज काय होतं गं?’ अमक्याचं नाव चिन्हासकट. मिनिटभरात उत्तर आलं ते अमक्याचंच: ‘विचारा ना, सांगतो.’ नशीब, माणूस थट्टेखोर निघाला. मी तो आठवडा खातं उघडलं नाही.

पोस्ट पुसली की प्रकरण मिटलं, असंही नाही. पुसल्याचा निरोप इतर सर्व्हरांना जातो, पण प्रत्येक जण तो पाळेलच याची खात्री नाही. दुरुस्त केलेल्या पोस्टीचा जुना मजकूर इतिहासात दिसतो. म्हणून माझा नियम असा: राग आला की कागदावर लिहायचं. कागद फाडता येतो. दुसऱ्याचं नाव काढायचं तर चिन्ह न लावता.

अशा जागी एडीएचडीवाले खूप भेटतात, आणि तिथलं आपलेपण खरं असतं. पण त्यांच्या पोस्टी वाचून स्वतःवर शिक्का मारू नका, आणि कुणाचा गोळीचा डोस बघून आपला ठरवणं तर मुळीच नको. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. त्यात रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बघावे लागतात. सतरा वर्षांवरच्या माणसात निदान करताना डॉक्टर लहानपणही विचारतात, कारण काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा नंबर आहे.

किल्ली ‘सुरक्षित जागी’ ठेवणं

मॅट्रिक्स ही अशीच निरनिराळ्या सर्व्हरांवर चालणारी गप्पांची सोय. तिथल्या एन्क्रिप्टेड गप्पा नव्या फोनवर वाचायला रिकव्हरी की, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक गुप्त किल्ली, लागते. ती गेली आणि जुनं कुठलंच उपकरण चालू नसलं, तर जुने संदेश गेले. सर्व्हरचालकही ते उघडू शकत नाही. मी ती लांबलचक ओळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानामागे लिहिली होती. रोज नजरेसमोर राहील, असा हिशेब. जानेवारीत फोन पाण्यात पडला, तेव्हा भिंतीवर नवं कॅलेंडर होतं.

‘‘जुनं कुठे गेलं गं आई?’’

‘‘अगो, ते मी माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांखाली घातलं.’’

शिडी लावून चढले. डिसेंबरचं पान सापडलं, तेलानं पारदर्शक झालेलं, शेवटची काही अक्षरं विरघळलेली. दोन वर्षांच्या गप्पा तिथेच राहिल्या. आता की पासवर्ड मॅनेजरमध्ये असते, आणि एक छापील प्रत रेशनकार्डाच्या पाकिटात. ते पाकीट आमच्या घरात कुणी हरवू देत नाही.

उत्साहाच्या भरात स्वतःचा सर्व्हर काढणं

ही चूक सगळ्यात महाग, आणि आपल्यासारख्यांना सगळ्यात गोड. नवं काम, रात्रभर शिकणं, पहाटे सगळं चालू झाल्याचा आनंद! मी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मॅस्टोडॉन बसवलं, सात मित्रांना खाती दिली. त्यात चौघे फोंड्याचेच. तीन आठवडे मी हवेत होते. मग उत्साह ओसरला आणि सर्व्हर राहिला.

आधी डिस्क भरली. दुसऱ्या सर्व्हरांवरून आलेली चित्रं तुमच्या डिस्कवर साठतात, ती नेमानं साफ करावी लागतात. मॅस्टोडॉनच्या सेटिंगमध्ये साठवण किती दिवसांची हे ठरवता येतं. पहिल्याच दिवशी ठरवा. मग जून आला. पावसाबरोबर दिवसातून चारदा वीज जायला लागली आणि असल्याच एका झटक्यात मेमरी कार्ड बिघडलं. बॅकअप होता, अकरा दिवस जुना.

खरा दणका डोमेनचा, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नावाचा. ‘आपोआप नूतनीकरण’ची खूण केली होती, तेव्हा मी निर्धास्त. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून ठरावीक मुदतीनं पैसे कापायचे तर आधी ई-मँडेटची, म्हणजे तशा कापणीला दिलेल्या संमतीची, नोंद लागते, आणि परदेशी विक्रेत्याकडे ती नसली तर व्यवहार होत नाही. माझा झाला नाही. सूचनेच्या ईमेल सहा आल्या होत्या, न वाचलेल्या चार हजारांत. शेवटी एका मित्रानं फोन केला, ‘‘अगो, आपलं गाव नकाशावरनं गेलं काय?’’

सवलतीच्या दिवसांत पैसे भरले म्हणून वाचले. तसं झालं नसतं तर आठ जणांचे पत्ते गेले असते, कारण इथे तुमची ओळखच डोमेनला बांधलेली असते आणि चालू सर्व्हरचं डोमेन मागाहून बदलता येत नाही. चालकाचा दोष नसतानाही असं घडतं: २०२४ मध्ये ‘.एएफ’ हा अफगाणिस्तानचा प्रत्यय लावलेला एक मॅस्टोडॉन सर्व्हर तिथल्या सरकारनं डोमेन थांबवल्यामुळे बंद पडला.

तेव्हा आधी दुसऱ्याच्या सर्व्हरवर वर्षभर राहा. तरी खाज असेल तर एकट्यापुरता काढा, दुसऱ्यांची खाती घेऊ नका. घ्यायचीच तर चाव्या आणखी एका कंटाळवाण्या, वेळच्या वेळी बिलं भरणाऱ्या माणसाकडे द्या. डोमेनचे पैसे एकदम भरून टाका. पुष्कळ डोमेनांची दहा वर्षांपर्यंत आगाऊ नोंदणी होते. मी माझा सर्व्हर पूर्वसूचना देऊन बंद केला. सातही जण नव्या ठिकाणी फॉलोअरांसकट पोचले, त्यातला एक अजून टोमणे मारतो.

गायब झाल्यावर लांबलचक माफीनामा लिहिणं

आपण गायब होतो. मग लाज वाटते, म्हणून आणखी गायब होतो. परतल्यावर मागचं सगळं वाचून काढायला बसू नका, कारण ते कधीच संपत नाही. नोटिफिकेशन एकदम पुसायची सोय आहे, ती वापरा. खरंच महत्त्वाचं असेल तर माणूस पुन्हा विचारतो.

गेल्या आठवड्यात मी ८३ दिवसांनी परतले. सगळं पुसलं आणि पोदेराकडून आणलेल्या पावांचा फोटो टाकला. न दिसणाऱ्यांसाठी चित्राचं वर्णन लिहायची तिथे पद्धत आहे, ती मी एरवी हटकून विसरते. या वेळी लिहिलं: ‘स्टीलच्या ताटलीत चार उंडे, एक अर्धा खाल्लेला.’