'मिन्नल मुरली' मुलांना दाखवायचा असेल तर

सुट्टीत भाचरं जमली की सुपरहिरोचा सिनेमा लागतोच. लागणारच असेल तर माझं ऐका, मल्याळमचा 'मिन्नल मुरली' लावा. दिग्दर्शक बेसिल जोसेफ, हिरो टोविनो थॉमस, नेटफ्लिक्सवर आला 24 डिसेंबर 2021 ला. पण लावून देऊन आपण पोळ्या लाटायला निघून जायचं, असा हा सिनेमा नाही. आधी एकट्याने बघून घ्या. पुढे मी शेवटापर्यंतचं सगळं सांगणार आहे, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी इथेच थांबावं.

बाराच्या खालच्यांना मी बसवत नाही. मारामारीचं काही नाही, ती रोजच बघतात. पण उत्तरार्धातली आग लहानांना झेपत नाही. भाषा मल्याळमच ठेवा आणि सबटायटल लावा. हिंदी डबिंग आहे, पण यातल्या शिबूचं काम करणाऱ्या गुरु सोमसुंदरमचा आवाज त्यात जातो आणि त्याच्यासाठीच तर हा खटाटोप. सिनेमा अडीच तासांच्या वर आहे. सव्वा तासाने थांबवून कैरीचं पन्हं, भेळ काय ते उरकून घ्या, म्हणजे पुढे कोणी उठत नाही.

गोष्ट केरळातल्या कुरुक्कनमूला नावाच्या काल्पनिक गावातली. एकाच रात्री दोघांवर वीज पडते आणि दोघांनाही शक्ती मिळते. एक जेसन, शिंपी, अमेरिकेला जायची स्वप्नं बघणारा. दुसरा शिबू, चहाच्या दुकानात राबणारा. आई वेडी होती म्हणून हाही वेडाच, असं गावाने कधीचं ठरवून टाकलेलं.

आता मुख्य सूचना. पहिल्या अर्ध्या तासात मुलं शिबूला हसतील. त्याचं ते चोरट्यासारखं बघणं, तोंडातल्या तोंडात बोलणं, कपडे. हसू द्या. "असं हसू नये रे" म्हणालात की संपलं, मग ती तुमच्या तोंडाकडे बघत सिनेमा बघतात. आपण फक्त लक्षात ठेवायचं, कोण कुठे हसलं ते. आणि मग शिबू उषासमोर मन मोकळं करतो तो प्रसंग येतो. लहानपणापासून जिच्यावर जीव, तीच मुलीला घेऊन गावात परत आलेली. तो माणूस हसतोय की रडतोय तेच कळत नाही. दोन्ही एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी. आमच्याकडे तेव्हा कुरमुऱ्यांचा आवाजसुद्धा बंद झाला होता. या वेळी फोन, दार, काही वाजू देऊ नका.

पुढे जमाव शिबूचं घर पेटवतो. उषा आणि तिची मुलगी जातात. तिथून शिबू खलनायक होतो, पुरता. कोणी डोळे पुसत असेल तर लगेच समजूत घालायला धावू नका, पण रिमोट हाताशी असू द्या.

सिनेमा संपल्यावर "काय शिकलात?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. मी एवढंच विचारते: वीज दोघांवर सारखीच पडली, मग फरक कुठे पडला? माझा चौदा वर्षांचा भाचा म्हणाला, "आत्या, जेसनला घर होतं ना." बरोबर. वडील गेल्यावर पोटच्या पोरासारखं वाढवणारा वर्गीस होता, रोज भांडणारी का होईना बहीण होती, आणि सुपरहिरोंचं सगळं ज्ञान असलेला भाचा जोसमोन होता. तो पोरगाच मामाच्या शक्तीच्या चाचण्या घेतो! शिबूकडे यातलं कोण होतं? त्यावर धाकटी उसळली, "म्हणून काय गाव जाळायचं का?" तिचंही खरं आहे. इथे निकाल देऊ नका, त्यांचं त्यांना भांडू द्या. शिबूची बाजू घेणारा आणि त्याला माफ न करणारा, दोघंही घरात असले तर बरंच.

मोठ्या मुलांना आणखी एक सांगा. सिनेमाच्या शेवटासाठी केरळात कालडीला पेरियार नदीच्या काठी चर्चचा सेट उभारला होता. लॉकडाऊनमुळे चित्रीकरण थांबलेलं, आणि मे 2020 मध्ये तो सेट हातोडे घालून तोडला गेला. कारण काय, तर जवळ देऊळ आहे. लाकूड, प्लायवूडचं खोटं चर्च! हे मात्र सिनेमा झाल्यावरच सांगा. आधी सांगितलंत तर पोरं चर्च कधी दिसतंय याचीच वाट बघत बसतात आणि शिबूकडे लक्ष राहत नाही.

आणि हो, दुसऱ्या दिवशी गच्चीवर पळायच्या शर्यती लागतात. टॉवेलचे मुखवटे करून. कठड्याच्या बाजूला एक मोठं माणूस उभं करा.