हप्त्यावर फोन घेण्यापूर्वी: कार्ड, फायनान्स आणि पोस्टपेडचा हिशेब

फोनच्या दुकानात किंमत विचारली की हल्ली उत्तर बहुधा महिन्याच्या हप्त्यात मिळते, आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. हप्त्याचा आकडा मुदत वाढवून हवा तेवढा लहान करता येतो; त्यामुळे दोन योजनांची तुलना हप्त्यावरून करणे व्यर्थ आहे. त्याऐवजी तोच फोन त्याच दिवशी पूर्ण पैसे देऊन कमीत कमी कितीला मिळतो, हे आधी दोन दुकानांत आणि दोन संकेतस्थळांवर पाहून कागदावर लिहावे. पुढची प्रत्येक योजना या आकड्याशी ताडून पाहायची आहे.

मोबाइल कंपनीशी करार करून फोन घेण्याची जी पद्धत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दिसते, ती आपल्याकडे फारशी रुजली नाही. २००३ साली रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये घेऊन हँडसेट हातात दिला आणि बाकीची रक्कम दरमहा वसूल करायचे ठरवले, तो या प्रकारचा सर्वांत गाजलेला प्रयोग. मात्र तो हँडसेट दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नसे. आज फोन आणि सिम हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. पोस्टपेड योजनेच्या जाहिरातीतील दरावर सहसा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तर प्रीपेडच्या रिचार्जमध्ये तो धरलेला असतो, एवढे तुलना करताना लक्षात असू द्यावे. सेवा पसंत न पडल्यास जोडणी घेऊन ९० दिवस झाल्यावर, पोस्टपेड असल्यास थकीत बिल भरून, नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाता येते.

खरा प्रश्न हप्ता कोणाकडून घ्यावा हा आहे, आणि त्यात सर्वांत फसवा शब्दप्रयोग ‘नो-कॉस्ट ईएमआय’ हा आहे. शून्य टक्के व्याजाच्या नावाखाली व्याज लपवणाऱ्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच हरकत घेतली होती. आजच्या योजनेत बँक व्याज लावतेच. फक्त तेवढ्या रकमेची सूट विक्रेता किंवा फोनची कंपनी आधी देते. ३०,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांत, प्रत्येकी ५,००० रुपये, असा घेतला आणि बँकेचा दर वार्षिक १६ टक्के असला, तर कर्ज साधारण २८,६५० रुपयांचे मांडले जाते आणि उरलेले १,३५० रुपये व्याज असते. या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २४३ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असल्यास करासह आणखी २३५. म्हणजे ‘फुकट’ हप्त्यासाठी जवळजवळ ४८० रुपये वर गेले.

ही रक्कम लहान वाटेल, आणि तेवढ्यावर भागत असेल तर ती योजना वाईट नाही. पण पूर्ण पैसे देणाऱ्याला तोच फोन २८,५०० रुपयांना मिळत असेल, तर हप्तेवाला एकूण १,९७८ रुपये जास्त देतो, आणि सहा महिन्यांत हळूहळू फेडल्या जाणाऱ्या रकमेवर त्याचा व्याजदर वार्षिक २३ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून रोखीची सूट हप्त्यावरही मिळते का, हा प्रश्न विक्रेत्याला स्पष्ट विचारावा. शिवाय क्रेडिट कार्डावर हप्ता घेतला की फोनच्या रकमेएवढी मर्यादा अडकते आणि हप्ते फिटतील तशी मोकळी होते. आणि एखाद्या महिन्याचे बिल पूर्ण न भरल्यास उरलेल्या थकबाकीवर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक व्याज लागू शकते, तेव्हा वरचे सारे गणित निरर्थक ठरते. फोन परत केला तरी प्रक्रिया शुल्क सहसा परत मिळत नाही.

कार्ड नसणाऱ्याला दुकानातील टेबलावर बसलेला फायनान्स कंपनीचा माणूस काही मिनिटांत कर्ज मंजूर करून देतो. त्याच्या तोंडी ‘८/२’ सारखी योजना असेल. तिचा अर्थ एकूण आठ हप्ते, पैकी दोन आगाऊ. ३०,००० रुपयांच्या फोनवर ७,५०० रुपये त्याच दिवशी गेले, तर कर्ज प्रत्यक्षात २२,५०० रुपयांचे आणि मुदत सहाच महिन्यांची, हे ओळखावे. याच टेबलावर फोनचा विमा, वाढीव वॉरंटी किंवा सदस्यत्वाचे कार्ड हप्त्यात मिसळले जाते, आणि दरमहा दीडशे रुपये वाढल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या मार्गाची एक जमेची बाजू मात्र आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ (म्हणजे वैयक्तिक ग्राहकांच्या) कर्जासाठी कर्जदाराला समजेल अशा भाषेत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक, देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून काढलेला वार्षिक दर लिहिलेला असतो आणि त्यात न दाखवलेले शुल्क ग्राहकाच्या संमतीशिवाय आकारता येत नाही. क्रेडिट कार्डावरील येणे रकमांना हा नियम लागू नाही, म्हणून कार्डाचा हिशेब वरीलप्रमाणे स्वतःच करावा लागतो. हे पत्रक वाचून झाल्याशिवाय ओटीपी सांगू नये, कारण तो ओटीपी म्हणजेच सही.

काही कंपन्या हप्ता थकल्यास फोन दुरून बंद करू शकणारे अॅप त्यात बसवत आल्या आहेत. तसे आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. ज्याचा व्यवसाय फोनवर चालतो, त्या रिक्षाचालकाने किंवा डिलिव्हरी करणाऱ्याने तर अशी योजना टाळलेलीच बरी. आणि मित्रासाठी किंवा मेहुण्यासाठी आपल्या नावावर हप्ता घेण्याचा मोह आवरावा; फोन त्याच्या खिशात असला तरी थकलेला हप्ता आपल्या सिबिल नोंदीत, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, बसतो.

माझ्या मते रोखीच्या सुटीसह नो-कॉस्ट हप्ता मिळत असेल आणि कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरण्याची सवय असेल, तर कार्ड घ्यावे. कार्ड नसेल तर कमीत कमी मुदतीचे, कोणतीही जोडवस्तू नसलेले फायनान्सचे कर्ज. आणि दोन्हींत वरखर्च हजाराच्या पुढे जात असेल, तर थोडे थांबून पूर्ण पैशांत खालचे मॉडेल घ्यावे.

शेवटचा हप्ता कापला गेला की काम संपत नाही. फायनान्स कंपनीकडून कर्ज फिटल्याचे पत्र मागून घ्यावे, बँक खात्यावरील वसुलीची परवानगी बंद झाली का ते तपासावे, आणि दोनेक महिन्यांनी पतअहवाल काढून कर्ज ‘बंद’ असे नोंदले गेल्याची खात्री करावी; प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे.